ओळ कोणाची?

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या लगत जी मोठी वसाहत आहे, तिला एचएसआर लेआउट म्हणतात. नावातील तीन अक्षरे ही ‘होसूर-सर्जापूर रोड’ या शब्दांची आद्याक्षरे होत. बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेली ही वसाहत सात विभागांत वाटलेली आहे. तिच्या एका अंगास अगर तलाव आहे, तर दुसऱ्या अंगास केंद्रीय रेशीम मंडळाच्या नावाने ओळखला जाणारा आणि वाहनांच्या कोंडीबद्दल प्रसिद्ध असलेला चौक आहे. वसाहत आखली जाण्यापूर्वी येथे आसपासच्या खेड्यांची शेते होती. पुढे निवासी घरे उठली आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्या घरांच्या शेजारी, पुष्कळदा त्यांच्याच मजल्यांवर, संगणक-व्यवसायातील नवउद्योगांची लहानमोठी कार्यालये निघाली.

बाहेरून पाहणाऱ्यास येथे काही उत्पादन होत असेल असे वाटत नाही. येथे जे तयार होते तो एक प्रकारचा मजकूर असतो. संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या ओळी माणसे लिहितात. या ओळींच्या समूहाला आज्ञावली आणि व्यवहारात ‘कोड’ म्हणतात. एका मध्यम आकाराच्या उद्योगाच्या आज्ञावलीत लाखो ओळी सहज असतात आणि त्या एकाच वेळी अनेकजण बदलत असतात. लिहिणारा दोन वर्षांनी नोकरी सोडून दुसरीकडे जातो. त्याने लिहिलेली ओळ मात्र मागे राहते आणि तिच्यावर कोणाचे तरी बिल, कोणाची तरी औषधाची मागणी किंवा कोणाचा तरी पगार अवलंबून असतो. अशा वेळी नव्याने आलेल्या माणसाला पडणारा पहिला प्रश्न हा, की ही ओळ येथे कोणी, केव्हा आणि कशासाठी घातली? या प्रश्नाचे उत्तर काढण्याची व्यवस्था कशी चालते, ती काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

सात-बारा आणि फेरफार

प्रश्न नवा वाटला तरी मराठी वाचकाला तो अगदीच अपरिचित नाही. जमिनीचा सात-बारा ज्याने पाहिला आहे, त्याला या व्यवस्थेचे मूळ तत्त्व आधीच ठाऊक आहे.

सात-बारा उताऱ्यावर जमिनीची आजची स्थिती लिहिलेली असते: भोगवटादार कोण, क्षेत्र किती, कोणाचा बोजा आहे, पीक कोणते. परंतु ही स्थिती कशी आली हे उतारा सांगत नाही. त्यासाठी गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही असते. खरेदीखत झाले, खातेदार मरण पावून वारस लागले, भावाभावांत वाटणी झाली, बँकेचा बोजा चढला किंवा उतरला, की तलाठी (ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) त्या बदलाची नोंद या वहीत अनुक्रमांक देऊन करतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत दिली जाते, आणि मग मंडल अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच उताऱ्यावरील ओळ बदलते. बदललेल्या ओळीशेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. हस्तलिखित उताऱ्यांवर तो लहानशा वर्तुळात असे. जुने नाव खोडून नाहीसे केले जात नाही. त्याला कंस केला जातो.

ते वर्तुळातील क्रमांक म्हणजे ओळीचा माग होय. उताऱ्यावर आजोबांच्या नावाच्या जागी चुलत्याचे नाव दिसले, तर जाणता माणूस उताऱ्याशी वाद घालीत बसत नाही. तो क्रमांक पाहतो, फेरफाराची नक्कल काढतो आणि तेथे कारण वाचतो. कर्नाटकातही अशीच रीत आहे. तेथील जमिनीचे उतारे ‘भूमी’ या प्रकल्पाखाली संगणकावर आले. ज्या शेतांवर आज एचएसआर लेआउट उभे आहे, त्यांचेही असेच उतारे आणि असेच बदल एकेकाळी वहीत नोंदले जात होते.

आज्ञावलीच्या जगात उताऱ्याची जागा फाइल घेते आणि फेरफार नोंदवहीची जागा आवृत्ती-नियंत्रण नावाची व्यवस्था घेते. लेखकाने केलेला प्रत्येक बदल त्या व्यवस्थेत एक नोंद होऊन जातो. व्यवहारात या नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. नोंदीत चार गोष्टी असतात: बदल कोणी केला, केव्हा केला, मजकुरात नेमका काय फरक झाला, आणि लेखकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला शेरा. फाइलमधील प्रत्येक ओळीशेजारी तिला आजचे रूप देणाऱ्या नोंदीचा क्रमांक मांडून दाखविणारी जी आज्ञा आहे, तिला गिट या व्यवस्थेत ‘ब्लेम’ असे नाव आहे.

साठवणीच्या तीन रीती

अशा व्यवस्थांचा इतिहास १९७२ पासून सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी ‘एससीसीएस’ ही पहिली महत्त्वाची व्यवस्था तयार केली. तिची साठवण्याची रीत विणकामासारखी होती. फाइलच्या सर्व काळांतील सर्व ओळी एकाच ठिकाणी एकमेकींत गुंफून ठेवलेल्या असत, आणि कोणती ओळ कोणत्या नोंदीने आली व कोणत्या नोंदीने गेली, याच्या खुणा त्यांच्या आगेमागे असत. म्हणजे ओळीचा माग साठवणीतच लिहिलेला होता.

१९८२ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी ‘आरसीएस’ रचली. तिच्यात अखेरची आवृत्ती पूर्ण ठेवली जाई आणि मागील आवृत्त्या केवळ फरकांच्या रूपाने. मजकूर ताजा हवा असतो तेव्हा तो लगेच मिळावा, जुना हवा असल्यास थोडे मागे चालत जावे, असा तिचा हिशेब होता. १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमचे डिक ग्रून यांनी तिच्यावर ‘सीव्हीएस’ उभी केली. पुढे २००० साली ‘सबव्हर्जन’ या व्यवस्थेचे काम सुरू झाले.

गिटचा जन्म एप्रिल २००५ मधील आहे. लिनक्स या सार्वजनिक प्रणालीचे काम करणारे लिनस टोरवाल्ड्स ‘बिटकीपर’ नावाची खासगी कंपनीची व्यवस्था वापरीत. तिच्या विनामूल्य वापराची सवलत बंद झाली तेव्हा त्यांनी काही दिवसांतच स्वतःची व्यवस्था लिहिली. त्याच वर्षी तिची देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे गेली. गिट फरक साठवीत नाही असे म्हटले तरी चालेल. ती प्रत्येक नोंदीच्या वेळी संपूर्ण प्रकल्पाची स्थिती कशी होती ते साठविते. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली चाळीस चिन्हांची एक खूण मिळते, आणि त्या खुणेच्या हिशेबात मागील नोंदीची खूणही धरलेली असते. त्यामुळे जुन्या एखाद्या नोंदीत कोणी गुपचूप एक अक्षर बदलले, तर तिची आणि तिच्या पुढच्या प्रत्येक नोंदीची खूण बदलावी लागते, व लबाडी उघडी पडते.

मात्र गिटच्या साठवणीत ‘ही ओळ अमुक माणसाची’ असे कोठेही लिहिलेले नसते. ते दर वेळी नव्याने शोधून काढावे लागते.

ओळीचा माग कसा काढतात

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घरपोच किराणा पोहोचविणाऱ्या एका लहान उद्योगाच्या बिलाची आज्ञावली पाच ओळींची आहे असे समजू. आज्ञावलीची भाषा बाजूस ठेवून तिचा आशय मराठीत लिहिला तर तो असा होईल:

१. मागणीची रक्कम घ्या.
२. रक्कम २०० रुपयांहून कमी असल्यास वाहतूक आकार ३० रुपये मिळवा.
३. सवलत वजा करा.
४. उत्तर शून्याहून कमी आल्यास शून्य धरा.
५. बिल द्या.

तिचा इतिहास असा आहे. पहिल्या नोंदीत अ याने पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ लिहिली. तेव्हा वाहतूक आकार २५ रुपये होता. दुसऱ्या नोंदीत ब हिने सवलतीची ओळ घातली. तिसऱ्या नोंदीत क याने चौथी ओळ घातली. चौथ्या नोंदीत ड हिने २५ चे ३० केले.

आता माग काढणारी आज्ञा दिली, की संगणक अखेरच्या आवृत्तीपासून आरंभ करतो. तो पाचही ओळी चौथ्या नोंदीच्या पदरात टाकतो आणि तिला विचारतो, की यांतील कोणत्या ओळी तुझ्या आधीच्या आवृत्तीत जशाच्या तशा होत्या? चार ओळी होत्या. त्यांची जबाबदारी मागे सरकते. दुसरी ओळ तशी नव्हती. ती ड हिच्या नावावर पडते. उरलेल्या चार ओळी तिसऱ्या नोंदीकडे जातात. त्यांतील चौथी ओळ त्याआधी नव्हती, म्हणून ती क याची ठरते. याप्रमाणे प्रत्येक ओळीला धनी मिळेपर्यंत संगणक मागे मागे जातो. शेवटी पहिली आणि पाचवी अ याच्या, दुसरी ड हिच्या, तिसरी ब हिच्या आणि चौथी क याच्या नावावर दिसते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लेखकाचा हात कसा चालला हे संगणकाला दिसत नाही. त्याच्यापुढे दोन आवृत्त्या असतात आणि त्या ताडून पाहून तो जास्तीत जास्त समान ओळींची मालिका शोधतो. या ताडणीची एक प्रसिद्ध पद्धत बेल प्रयोगशाळेतील हंट आणि मॅक्इलरॉय यांनी १९७६ मध्ये मांडली, आणि यूजीन मायर्स यांनी १९८६ मध्ये तिच्याहून सरस रीत दिली. गिट सामान्यतः मायर्स यांचीच रीत वापरते. तेव्हा माग म्हणजे दोन मजकुरांवरून काढलेले अनुमान होय. ते बहुधा बरोबर असते, परंतु ते अनुमानच असते.

आता नव्याने आलेली एक कर्मचारी ही आज्ञावली वाचते असे समजू. चौथी ओळ तिला निरर्थक वाटते. बिलाची रक्कम शून्याखाली जाईलच कशी? ती ओळ काढून टाकावी असे तिच्या मनात येते. त्याआधी ती माग काढते, तेव्हा तिसरी नोंद आणि क याचा शेरा तिच्यापुढे येतो: ‘सवलतपत्राची रक्कम मागणीहून अधिक असली की बिल ऋण होते आणि ग्राहकाच्या खात्यात पैसे जमा होतात, म्हणून शून्याची मर्यादा घातली.’ एवढे वाचल्यावर ती ओळ काढण्याचा प्रश्न उरत नाही. क कोण, तो हुशार की निष्काळजी, आज कोठे नोकरीस आहे, या गोष्टींची तिला गरजच पडली नाही. नाव हे कारणापर्यंत पोहोचण्याचा एक टप्पा होते.

माग कोठे फसतो

पहिला फसवा प्रकार म्हणजे मजकुराची नुसती मांडणी बदलणे. समजा, पाचव्या नोंदीत इ या कर्मचाऱ्याने सर्व ओळी समासापासून थोड्या आत सरकविल्या. अर्थ तसूभरही बदलला नाही. पण अक्षरांच्या हिशेबाने पाचही ओळी वेगळ्या झाल्या. माग काढला की सर्वत्र इ याचेच नाव दिसू लागते आणि क याचा मोलाचा शेरा त्याच्या आड दडतो. यावर गिटमध्ये दोन उपाय आहेत. एक, ताडणी करताना मोकळ्या जागांचा फरक धरू नये असे सांगता येते. दुसरा उपाय ऑगस्ट २०१९ पासून उपलब्ध झाला: ज्या नोंदी केवळ मांडणीच्या आहेत त्यांची यादी एका फाइलीत लिहून ठेवावी, म्हणजे माग काढताना त्या ओलांडून पुढे जाता येते.

दुसरा प्रकार स्थलांतराचा. लेखक शंभर ओळी एका फाइलीतून उचलून दुसरीत नेतो. साधा माग त्या ओळी हलविणाऱ्याच्या नावावर टाकतो. गिटला सांगितल्यास ती इतर फाइलींतही शोध घेते आणि मूळ लेखकापर्यंत पोहोचते. वेळ मात्र अधिक लागतो.

तिसरा प्रकार इतिहासाच्या आरंभाचा आहे. लिनक्सच्या गिटमधील नोंदी एप्रिल २००५ पासून सुरू होतात. त्याआधी चौदा वर्षे ती प्रणाली वाढत होती. पण त्या काळातील ज्या ओळी आजही जशाच्या तशा टिकून आहेत, त्या सगळ्या पहिल्या मोठ्या नोंदीत एकदम आल्यामुळे टोरवाल्ड्स यांच्याच नावावर दिसतात. त्यांतील अनेक इतरांनी लिहिलेल्या होत्या. एखाद्या उद्योगाने जुनी व्यवस्था सोडून नवी घेतली आणि मागील इतिहास बरोबर आणला नाही, तर तेथेही हेच घडते: ज्याने सामान हलविले तो सर्व सामानाचा मालक दिसतो.

चौथा प्रकार सर्वांत अवघड होय. माग हा असलेल्या ओळीचा निघतो. नसलेल्या ओळीचा निघत नाही. कोणी चौथी ओळ काढून टाकली असती, तर उरलेल्या चार ओळींशेजारी तिचा मागमूसही दिसला नसता. सात-बारावर निदान कंस तरी राहतो. उताऱ्याचे पुनर्लेखन झाले की तोही जातो आणि जुना उतारा काढावा लागतो. आज्ञावलीतही काढलेली ओळ शोधायची तर आजची फाइल सोडून नोंदींचा संपूर्ण इतिहास चाळावा लागतो. तशी सोय गिटमध्ये आहे, पण काहीतरी नाहीसे झाले आहे हा संशय आधी माणसाला यावा लागतो.

नाव हा पुरावा आहे काय?

ओळीशेजारी दिसणारे नाव खरे असते काय? गिटमध्ये आपले नाव आणि पत्ता लेखक स्वतःच भरतो आणि व्यवस्था ते तसेच्या तसे स्वीकारते. कोणीही दुसऱ्याचे नाव घालू शकतो. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी गुप्तलिपीच्या साहाय्याने केलेली सही नोंदीबरोबर मागतात.

जमिनीच्या कायद्यात या अडचणीचा विचार फार पूर्वी झालेला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार-अभिलेखातील प्रमाणित नोंद खरी मानली जाते, पण ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. नोंद म्हणजे गृहीतक आहे, अखेरचा निवाडा नव्हे. आज्ञावलीतील नावाकडेही याच दृष्टीने पाहणे योग्य होय.

दोन घटना यावर प्रकाश टाकतात. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या मुख्य नोंदी बिटकीपरमध्ये होत्या आणि काहींच्या सोयीसाठी त्यांची एक प्रत सीव्हीएसमध्ये ठेवली जात असे. कोणीतरी त्या प्रतीच्या संगणकात शिरून दोन ओळी घातल्या. वरवर पाहता ती एक साधी तपासणी होती. पण तुलनेच्या दोन बरोबर-चिन्हांऐवजी तिच्यात एकच चिन्ह होते, आणि त्यामुळे तपासणीऐवजी सर्वाधिकार देण्याचे काम होत होते. ही लबाडी लगेच पकडली गेली, कारण त्या बदलाला मूळ व्यवस्थेतील कोणत्याही नोंदीचा आधार नव्हता. उताऱ्यावर नाव चढले होते, पण फेरफार क्रमांक नव्हता.

दुसरी घटना मार्च २०२४ मधील. ‘एक्सझेड’ नावाच्या, अनेक संगणकांत वापरल्या जाणाऱ्या लहानशा साधनात चोरवाट घातली गेल्याचे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत होता, एवढ्यावरून त्यांनी शोध घेतला.  ‘जिया तान’ या नावाने दोनहून अधिक वर्षे नियमितपणे काम करून विश्वास संपादन केलेला होता आणि नोंदी त्याच नावावर होत्या. मात्र त्या नावामागे कोण आहे, हे त्या नोंदींतून कळाले नाही. ओळ कोणत्या नोंदीने आली हे व्यवस्था निश्चित सांगते; नावामागचा माणूस कोण हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

दोष आणि कारण

‘ब्लेम’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ दोष देणे. सबव्हर्जनच्या कर्त्यांनी याच आज्ञेला ‘प्रेझ’ म्हणजे प्रशंसा, आणि ‘ॲनोटेट’ म्हणजे टीप देणे, अशीही नावे ठेवली होती. तिन्ही नावांनी उत्तर एकच येते. तरीही कचेऱ्यांत पहिले नाव रूढ झाले आणि त्याबरोबर एक वृत्तीही आली. रात्री बिघाड होतो, कोणीतरी माग काढतो, एक नाव सापडते, आणि शोध तेथेच संपल्यासारखा वाटतो.

हा शोध किती अपुरा असतो हे एप्रिल २०१४ मध्ये दिसून आले. इंटरनेटवरील देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या साधनात ‘हार्टब्लीड’ नावाने पुढे प्रसिद्ध झालेला दोष उघडकीस आला. पलीकडच्या संगणकाने ‘मी पाठविलेला मजकूर एवढ्या अक्षरांचा आहे, तो मला परत पाठव’ असे सांगितले, की हे साधन सांगितलेल्या संख्येवर विश्वास ठेवी. मजकूर लहान आणि संख्या मोठी असली, तर जवळच्या स्मृतीतील दुसऱ्यांची गुपितेही परत जात. माग काढल्यावर नोंद लगेच सापडली. ती ३१ डिसेंबर २०११ ची होती. लेखकाने ती आपल्या नजरेतून सुटलेली तपासणी असल्याचे सांगितले. ज्याने ती नोंद तपासून स्वीकारली त्याच्याही नजरेतून ती सुटली होती.

येथे दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. एक अशी की दोष लिहिलेल्या ओळीत नव्हता. संख्या ताडून पाहणारी ओळ लिहिलीच गेली नव्हती. दुसरी अशी की नाव कळाल्याने प्रश्न सुटला नाही. जगभरच्या व्यवहारांचा भार ज्या साधनावर होता त्याची देखभाल अगदी मोजकी माणसे अपुऱ्या पैशांत करीत होती, हे खरे कारण होते. ते ओळखल्यानंतर त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने अशा साधनांना आर्थिक साहाय्य देण्याचा उपक्रम सुरू केला. नावावर थांबले असते तर हे घडले नसते.

नाव, ओळ आणि कारण या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे मराठी वाङ्मयातील एका थोर उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे सिद्ध झाली. पुढील तीन शतकांत हाताने केलेल्या नकलांतून तिच्यात पाठभेद शिरले. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचे शुद्धीकरण केले. त्यांनी ग्रंथाच्या शेवटी शोधन कोणी केले, केव्हा केले आणि का केले हे सांगितले, आणि यापुढे कोणी पदरची ओवी घालू नये असेही बजाविले. आज्ञावलीच्या परिभाषेत बोलायचे तर हा एक उत्कृष्ट शेरा होय. परंतु नेमकी कोणती ओवी बदलली आणि तिचे आधीचे रूप काय होते, याची नोंद त्याबरोबर नाही. म्हणून एकनाथपूर्व पाठाचा शोध हे पुढे संशोधकांचे मोठे काम झाले, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली जुनी प्रत याच शोधाचा भाग होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे दुसरे टोक आहे. तिच्यात श्लोकाखाली हस्तलिखितांतील पाठभेद दिलेले आहेत. कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितात आढळतो हे तेथे कळते, पण तो कोणी आणि का बदलला हे सांगणारा उरलेला नाही.

एकनाथांच्या काळी कारण लिहिणे शक्य होते, पण ओळीओळीचा हिशेब ठेवणे कठीण होते. आज परिस्थिती उलटली आहे. ओळीचा हिशेब यंत्र आपोआप ठेवते. कारण मात्र माणसाने लिहिले तरच राहते. ‘दुरुस्ती केली’, ‘किरकोळ बदल’, ‘पुन्हा दुरुस्ती’ असे शेरे कामाच्या घाईत सर्रास लिहिले जातात. अशा नोंदीचा माग अचूक निघाला तरी त्याचा उपयोग नाही. फेरफार क्रमांक सापडावा आणि वहीचे ते पान कोरे असावे, तसा तो प्रकार होतो.

म्हणून ज्या कचेऱ्यांत या व्यवस्थेचा खरा लाभ घेतला जातो, तेथे काही साध्या प्रथा पाळतात. एका नोंदीत एकच बदल ठेवतात. मांडणीचा आणि अर्थाचा बदल एकत्र करीत नाहीत. शेऱ्यात काय बदलले यापेक्षा का बदलले हे लिहितात, कारण काय बदलले ते यंत्र दाखवितेच. नोंद स्वीकारण्यापूर्वी ती दुसऱ्या माणसाने वाचलेली असते, आणि तिच्यात चूक निघाली तर ती दोघांच्या नजरेतून का सुटली याचा विचार करतात. माग काढून सापडलेल्या माणसाला ‘हे तुम्ही केलेत काय?’ असे न विचारता ‘हे करताना तुमच्यापुढे कोणती अडचण होती?’ असे विचारतात. पहिल्या प्रश्नाने माणूस स्वतःचा बचाव करू लागतो आणि पुढच्या वेळी शेरा आणखी मोघम लिहितो. दुसऱ्या प्रश्नाने गेलेली माहिती परत मिळण्याचा संभव असतो.

एचएसआर लेआउटमधील कचेऱ्यांत पुणे, कोल्हापूर, बेळगाव येथून गेलेले मराठी तरुणही काम करतात. त्यांतील अनेकांच्या घरी जुन्या उताऱ्यांची आणि फेरफारांची बासने जपून ठेवलेली असतील, आणि ती का जपायची असतात हे त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असेल. जमीन असो की आज्ञावली, ज्याने बदल केला तो कायमचा जवळ नसतो. त्याच्यामागून येणाऱ्याला ती ओळ राखायची की काढायची हे ठरवावे लागते, आणि त्या वेळी त्याच्या हाती असते ती केवळ नोंद आणि तिच्यातील दोन-चार वाक्ये.